ऐकत राहण्याचा खर्च

नोड्स, म्हणजे मोजलेले आकडे रेडिओवरून पाठवणाऱ्या छोट्या डब्या, पहिल्यांदा शेतात लावले आणि सहाव्या दिवशी सकाळी सिंकवर, म्हणजे सगळ्यांचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्रावर, एकही पॅकेट आलं नाही. मातीतला ओलावा आणि तापमान मोजणारे चोवीस टेलॉस-बी नोड्स, प्रत्येकात दोन एए सेल. आधी वाटलं, सिंकच बंद पडला असेल. जाऊन बघते तर सिंक ठणठणीत होता, नोड्सच रात्रीतून एकामागून एक गेले होते. एकेक डबी उघडून सेलना मीटर लावला. सगळे रिकामे. दर दहा मिनिटांनी बारा बाइट्सचं एक रीडिंग पाठवायचं, एवढंच तर काम होतं त्यांना.

त्या संध्याकाळी वही घेऊन हिशेब मांडला. तो खरं म्हणजे नोड्स लावायच्या आधी मांडायला हवा होता. चांगल्या अल्कलाइन एए सेलमधून साधारण २५०० मिलीअँपियर-तास मिळतात. या नोडवरचा रेडिओ सीसी२४२०, तो नुसता ऐकत बसला तरी १८.८ मिलीअँपियर घेतो. भागाकार केला तर १३३ तास येतात, म्हणजे साडेपाच दिवस. सेल खराब नव्हते की नोड बिघडले नव्हते. जे घडलं ते गणिताला धरूनच होतं.

दुसरा आकडा मात्र मला जास्त लागला. हा रेडिओ आयईईई ८०२.१५.४ या कमी विजेच्या रेडिओंसाठीच्या मानकाच्या २५० किलोबिट प्रतिसेकंद वेगाने बोलतो, म्हणजे एका बाइटला ३२ मायक्रोसेकंद. माझं पॅकेट सगळी हेडर्स, म्हणजे पत्ते वगैरे, धरून ४० बाइट्सचं, पुढे सहा बाइट्स सुरुवातीच्या खुणेचे आणि लांबीचे. म्हणजे हवेत दीड मिलीसेकंद. दिवसातून १४४ वेळा पाठवलं तरी सगळं मिळून सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी नोड एवढाच वेळ बोलत होता. उरलेला सगळा वेळ तो कान देऊन बसला होता, कोणी काही बोलेल या आशेने.

आणि मी त्याआधीचा आठवडा घालवला होता प्रसारणाची शक्ती कमी करण्यात! पाठवायला जास्त वीज लागत असणार हे इतकं उघड वाटत होतं की डेटाशीट नीट बघितलीच नव्हती. तिच्यात स्पष्ट लिहिलंय: पूर्ण शक्तीने पाठवताना १७.४ मिलीअँपियर. ऐकण्यापेक्षा कमीच. सगळ्यात खालच्या पायरीवर आणलं तर बाहेर पडणारी शक्ती तीनशेपटीहून जास्त घटते, पण बॅटरीतून जाणारा करंट घटून ८.५ वरच थांबतो, कारण रेडिओच्या आतल्या बाकीच्या मंडळांना त्यांचा वाटा लागतोच. तीही बचत दिवसातल्या त्या सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यावरची.

वेई ये, जॉन हाइडमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांचा २००२ मधला एस-मॅकवरचा, म्हणजे रेडिओने कधी जागायचं आणि कधी झोपायचं ते ठरवणाऱ्या एका प्रोटोकॉलवरचा, निबंध मी त्यानंतर मन लावून वाचला. संवादात ऊर्जा वाया जाण्याची चार कारणं त्यांनी वेगळी काढून दाखवली आहेत: पॅकेट्सची टक्कर, दुसऱ्यासाठीचं बोलणं ऐकणं, नियंत्रणासाठीची जादा पॅकेट्स आणि रिकामं ऐकत बसणं. माझं जवळजवळ सगळं नुकसान चौथ्या कारणात होतं. तेव्हा मला वाटलं, चौथं कारण काढलं की काम झालं. पुढचे सात-आठ महिने बाकीच्या तिघांनी मला सोडलं नाही.

आधी मोजमापाबद्दल सांगते, कारण इथे बरेच जण अडकतात. मल्टिमीटर मायक्रोअँपियरच्या रेंजवर ठेवून नोडच्या मार्गात जोडला की झोपेतला करंट सुरेख दिसतो. रेडिओ जागा झाला की मात्र नोड रीसेट होतो. त्या रेंजला मीटरचा आतला रोध मोठा असतो. एकोणीस मिलीअँपियर त्यातून जायला लागले की व्होल्टेज तिथेच पडतं आणि नोडपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. दोन दिवस मी हा दोष कोडमध्ये शोधत होते. शेवटी बॅटरीच्या मार्गात दहा ओहमचा एक रेझिस्टर टाकला आणि त्याच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप लावला. रेडिओ चालू असला की १९० मिलीव्होल्टच्या आसपास उंच पठार, झोपला की रेघ तळाला. नोडचं सगळं वागणं त्या रेघेत उघडं पडतं. यानंतरचे सगळे निर्णय मी ती रेघ बघूनच घेतले.

रिकामं ऐकणं टाळायचा मार्ग साधा वाटतो: रेडिओ झोपवायचा आणि सेकंदातून आठ वेळा क्षणभर उठवून हवेत काही चाललंय का एवढं बघायचं. नसेल तर परत झोप. २००४ मधल्या बी-मॅकची हीच रीत. माझ्या नोडला उठून, बघून झोपायला सुरुवातीला अडीच मिलीसेकंद लागत. आठ वेळा म्हणजे सेकंदातले वीस मिलीसेकंद, दोन टक्के. साडेपाच दिवसांचे कागदावर नऊ महिने झाले. स्कोपवर लांबलचक पठाराच्या जागी बारीक टाचण्यांची रांग दिसली तेव्हा फार आनंद झाला. सरांना बोलावून दाखवलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अगं, हा ऐकणाऱ्याचा आलेख झाला. पाठवणाऱ्याचा कुठाय?"

तो मी काढलाच नव्हता.

ऐकणारा झोपलेला असतो, कधी उठेल ते पाठवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून त्याला हाका मारत राहावं लागतं, निदान एक पूर्ण फेरी, म्हणजे १२५ मिलीसेकंद. सीसी२४२० ला हवी तेवढी लांब प्रीअँबल (मजकुराआधीची खूण) पाठवता येत नाही. म्हणून मी छोट्या पॅकेट्सची माळ लावली होती: उठा, उठा, उठा, आणि शेवटी खरा मजकूर. दीड मिलीसेकंदाच्या मजकुरासाठी १२५ मिलीसेकंदांची हाकाटी. बरं, त्या माळेत कोणाला हाक मारतोय हे मी लिहिलंच नव्हतं. टप्प्यातले नऊच्या नऊ शेजारी आपापल्या वेळेला उठायचे, हाक ऐकायचे आणि शेवटपर्यंत थांबायचे. सरासरी ६२ मिलीसेकंद प्रत्येकी. नऊ जणांचे मिळून अर्ध्या सेकंदाहून जास्त, आणि त्यातल्या आठ जणांना शेवटी कळायचं की हे आपल्यासाठी नव्हतंच. ऐकणाऱ्याच्या खात्यातली बचत मी पाठवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्यांच्या नावावर खर्ची टाकली होती.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. कुठलाही बदल केला की तीन रेघा काढायच्या: पाठवणारा, घेणारा आणि मधे पडलेला शेजारी.

माळेतल्या प्रत्येक पॅकेटवर घेणाऱ्याचा पत्ता लिहिला की शेजाऱ्याची सुटका होते. तो उठतो, पत्ता बघतो, झोपतो. आणि दोन पॅकेट्समधे थोडी मोकळी जागा ठेवली, तर घेणारा तिथेच पोच देऊ शकतो, म्हणजे पाठवणाऱ्याला पुढची माळ थांबवता येते. सरासरी अर्धी हाकाटी वाचते. २००६ मधल्या एक्स-मॅकची ही कल्पना आहे आणि आजही मला ती अतिशय सुंदर वाटते. पण मोकळी जागा आली की नवी अडचण येते: ऐकणारा नेमका त्या शांततेत उठला तर? त्याला वाटणार कोणीच बोलत नाही. म्हणून अॅडम डंकेल्स यांच्या २०११ मधल्या कॉन्टिकीमॅकसारखं मी उठल्यावर एकाऐवजी दोनदा बघायचं ठरवलं. दोन्हींत अर्ध्या मिलीसेकंदाचं अंतर, आणि पॅकेट्समधली शांतता ०.४ मिलीसेकंद. दोन्ही वेळा शांततेतच सापडायचं कारण नाही.

इथे माझा एक पूर्ण आठवडा गेला, आणि तो सगळा इथे सांगण्याजोगा आहे. दरम्यान मी काटकसर म्हणून बारा बाइट्सचं रीडिंग चार बाइट्सवर आणलं होतं, हेडर्सही छाटली होती. सगळं पॅकेट हवेत चोवीस बाइट्सचं, पाऊण मिलीसेकंदाचं. आणि विचित्र गोष्ट अशी की ही छोटी पॅकेट्स अधूनमधून हरवायला लागली. जुनी मोठी पॅकेट्स व्यवस्थित पोहोचायची. अंतर तेच, शक्ती तीच, चॅनेल तोच. हरवलं की पाठवणारा पूर्ण १२५ मिलीसेकंद ओरडून थकायचा आणि परत प्रयत्न करायचा, त्यामुळे पॅकेट लहान करूनही एकूण खर्च वाढलेला!

शेवटी दोन नोड्सच्या रेघा स्कोपच्या दोन चॅनेलवर एकाखाली एक लावल्या आणि हरवलेल्या पॅकेटची वाट बघत बसले. दिसलं ते असं. घेणाऱ्याची पहिली तपासणी पॅकेटच्या सुरुवातीच्या कडेवर पडली, अर्धी शांततेत, अर्धी पॅकेटवर. दुसरी पडली त्याच पॅकेटच्या शेवटच्या कडेवर. रेडिओ चालू होऊन स्थिरावण्याचा वेळ धरला तर दोन्ही तपासण्यांना काहीच ठोस सापडलं नाही. दोन तपासण्या आणि मधलं अंतर मिळून साधारण ०.९ मिलीसेकंद होतात, आणि माझं पॅकेट ०.७७ मिलीसेकंदांचं. ते त्या दोघींच्या मधून निसटत होतं. उपाय एका ओळीचा: पॅकेट अठ्ठावीस बाइट्सहून लहान असेल तर रिकामे बाइट्स भरून मोठं करायचं. ऊर्जा वाचवायला जास्त बाइट्स पाठवायचे! हे मी आधी कुठे वाचलं असतं तरी मनात ठसलं नसतं. त्या दोन रेघा एकाखाली एक बघितल्यामुळे ठसलं.

प्रयोगशाळेत आणखी एक प्रकार लक्षात आला. नोड्स रात्रीपेक्षा दिवसा जास्त जागे राहायचे. आमचे नोड्स २.४ गिगाहर्ट्झवर आणि वायफायही तिथेच. तपासणीत फक्त हवेत शक्ती किती आहे एवढंच कळतं, कोणाची आहे ते कळत नाही. हवेत कोणीतरी बोलतंय असं मानायची सीसी२४२० ची मर्यादा मूळ मांडणीत उणे ७७ डीबीएमच्या (रेडिओच्या शक्तीचं माप) जवळ असते आणि शेजारच्या खोलीतलं वायफाय ती सहज ओलांडतं. नोड बिचारा दर वेळी उठून पॅकेटची वाट बघायचा. चॅनेल २६ वर गेले. तो पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहे आणि वायफायच्या नेहमीच्या १, ६ आणि ११ या चॅनेलपासून दूर पडतो. शिवाय कोडमध्ये एक अट घातली. ८०२.१५.४ चं मोठ्यात मोठं पॅकेट १२७ बाइट्सचं, सुरुवातीच्या खुणेसकट ४.२६ मिलीसेकंदांचं. हवेतला आवाज त्याहून जास्त वेळ न थांबता चालला तर तो आपल्यातल्या कोणाचा नाही, लगेच झोपायचं. दिवस-रात्रीतला फरक जवळजवळ मिटला.

आता राहिली होती पाठवणाऱ्याची अर्धी माळ. घेणारा दर १२५ मिलीसेकंदांनी ठरल्या घडीला उठतो, मग एकदा पोच आली की ती घडी लक्षात ठेवता येते. पुढच्या वेळी त्याच्या जरा आधी सुरू करायचं, दोन-तीन पॅकेट्समध्ये काम होतं. वाइजमॅक या प्रोटोकॉलने ही युक्ती आधीच दाखवली होती. टेबलावर ती लगेच चालली. पाठवणाऱ्याच्या रेघेवरचं रुंद पठार बारीक झालं.

शेतात मात्र दुपारी बिनसायचं, आणि तेही सगळ्यांचं नाही. एका ठरावीक जोडीचं. सकाळी दोन पॅकेट्समध्ये काम, दुपारी दोनच्या सुमारास आठ-दहा, संध्याकाळी परत दोन. मी अँटेना बदलली, नोड बदलला, तरी तेच. मग एकदा भर दुपारी तिथे जाऊन उभी राहिले आणि डोळ्यांसमोरच होतं ते: एक डबी झाडाखाली, दुसरी उघड्यावर. हात लावला तर चटका बसला.

नोडचं घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतं. असल्या क्रिस्टलची खोलीच्या तापमानाला साधारण वीस पीपीएमपर्यंत (दहा लाखांत वीस) चूक धरतात, म्हणजे दोन नोड्समध्ये वाईटात वाईट चाळीस. सेकंदाला ४० मायक्रोसेकंद, दहा मिनिटांना २४ मिलीसेकंद. वर तापमान. २५ अंशांपासून जितकं दूर जावं तितकं हे क्रिस्टल मागे पडतं, आणि तेही फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४५ अंशांना सुमारे चौदा पीपीएम. सावलीतला आणि उन्हातला नोड एकमेकांपासून दूर जाणारच. मग प्रत्येक पोच कोणत्या घडीला आली ते नोंदवून, शेवटच्या काही नोंदींवरून शेजाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा किती वेगाने सरकतंय याचा अंदाज नोडनेच बांधायचा, असं केलं. सूत्र शाळकरी आहे, चार ओळींचं. पण दुपारची ती जोडी ताळ्यावर आली.

वरच्या थरात काय चाललंय ते मी उशिरा बघितलं. लांबच्या नोड्सची पॅकेट्स मधल्या नोड्सच्या हातून सिंकपर्यंत जातात. तो मार्ग शोधायला आम्ही आरपीएल हा प्रोटोकॉल वापरत होतो, २०१२ मध्ये आरएफसी ६५५० म्हणून आलेला. त्याची निरोपाची पॅकेट्स सगळ्यांसाठी असतात, त्यामुळे तिथे ठरलेली घडी उपयोगाची नाही. प्रत्येक निरोपाला पूर्ण १२५ मिलीसेकंदांची माळ. ट्रिकल नावाची पद्धत हे निरोप सगळं सुरळीत असलं की विरळ करत नेते, काही बिघडलं की परत दाट करते. छान पद्धत आहे. पण आमच्या एका नोडला दोन पालक, म्हणजे त्याची पॅकेट्स पुढे नेणारे शेजारी, जवळजवळ सारखेच चांगले होते. तो दिवसभर याच्याकडून त्याच्याकडे उड्या मारायचा, आणि दर उडीला आसपासच्या निरोपांचा वेग परत वाढायचा. नवा पालक निदान दीड प्रसारणाने स्वस्त असेल तरच बदल, ही अट मानकात सुचवलेली आहे. आमच्या कोडमध्ये कोणीतरी ती चाचणीच्या वेळी शून्य करून ठेवली होती. परत घातली. काम दहा मिनिटांचं, फायदा सगळ्या नेटवर्कला.

एवढं झाल्यावर बहुतेक नोड्सच्या बॅटऱ्या हळूहळू, सारख्या गतीने उतरत होत्या. दोन नोड्सच्या मात्र वेगाने खाली जात होत्या. सिंकच्या शेजारचे दोघे. बाकी बावीस जणांचं सगळं यांच्याच हातून जायचं. प्रत्येकाकडे स्वतःची रोजची १४४ पॅकेट्स आणि इतरांची १५८४. हे दोघे गेले की पलीकडचे बावीस कितीही भरलेले असले तरी मुके. रेडिओच्या झोपेचा कुठलाही प्रोटोकॉल याला पुरा पडत नाही. २००० मधल्या लीच प्रोटोकॉलने पाळीपाळीने म्होरक्या बदलायची कल्पना मांडली, पण त्यात प्रत्येक नोड थेट मुख्य केंद्रापर्यंत पोहोचू शकतो असं धरलंय. आमच्या टोकाच्या नोड्सना ते शक्यच नव्हतं.

मग विचार केला, मातीचा ओलावा दर दहा मिनिटांनी मोजायला हवा हे खरं, पण लगेच कळायला हवा का? नाही. सहा रीडिंग्ज एकत्र करून तासाला एक पॅकेट. चार बाइट्सची सहा रीडिंग्ज म्हणजे चोवीस, त्यामुळे रिकामे बाइट्स भरायचीही गरज उरली नाही. जे बाइट्स भरती म्हणून वाया जात होते त्यांच्या जागी आता खरा मजकूर होता. त्या दोघांचं काम एकदम सहाव्या हिश्श्यावर.

आणि टोकाच्या नोड्सचा खर्च वाढला. तीन रेघांची सवय असल्यामुळे लगेच दिसलं. तासभर बोललंच नाही, तर चाळीस पीपीएमने घड्याळं १४४ मिलीसेकंद सरकतात. फेरीच १२५ ची! म्हणजे लक्षात ठेवलेल्या घडीला काही अर्थच राहत नाही, नोड परत पूर्ण माळ लावतो. मधल्या नोड्सना हा त्रास नव्हता, ते सारखे कोणाशी ना कोणाशी बोलत होते. घड्याळाच्या सरकण्याचा अंदाज मी उन्हातल्या त्या जोडीसाठी लिहिला होता, तो आता सगळ्यांसाठी चालू केला. उरलेली चूक पाच पीपीएमच्या आत आली, तासाला १८ मिलीसेकंद. तेवढी माळ परवडते.

शेवटची गोष्ट इतकी साधी होती की ती इतके दिवस कशी दिसली नाही याचं वाईट वाटतं. सिंक थेट विजेवर चालतो. त्याचा रेडिओ कधीच झोपत नाही. मग त्याच्या शेजारचे दोन नोड्स त्याला हाका का मारत होते? आमच्या कोडला सगळे शेजारी झोपाळूच वाटत होते, एवढंच कारण. सिंकच्या निरोपात एक बिट घातला: मी जागा आहे. ते दोघे आता त्याला एकदाच, थेट पॅकेट पाठवतात आणि झोपतात.

बॅटरीचं व्होल्टेज प्रत्येक पॅकेटबरोबर येतं, त्याचा आलेख भिंतीवरच्या पडद्यावर लावून ठेवलाय. चोवीस रेघा. आधी त्यातल्या दोन बाकीच्यांपासून तुटून खाली कलल्या होत्या. काल त्या दोन कोणत्या हे सांगायला मला नोडचे क्रमांक वाचावे लागले.